दोघांची सायकल

जयवंतराव तोरसकर बायकोला घेऊन फ्रान्सला सायकल चालवायला निघालेत, ही बातमी बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत त्यांनी स्वतःच फोडली. एवढं मोठं काम दुसऱ्यावर सोपवणाऱ्यांतले ते नाहीत. बर्गंडी म्हणून तिकडे प्रांत आहे, तिथे जुन्या रेल्वेचे रूळ उखडून गुळगुळीत रस्ता केलाय, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि मोटारींना मज्जाव. अख्ख्या रस्त्यात एक हॉर्न कानावर पडणार नाही, हे ते लिफ्टसमोर उभं राहून सांगत, आणि तेवढ्यात लिफ्ट वर निघून जाई. शेवटचं वाक्य ठरलेलं असे, ‘जानकीला घेऊन जातोय.’

पैसे जानकीच्या निवृत्तीचे होते. शाळेत भूगोल शिकवून तिने ते साठवले होते, मळ्यांचे फोटो तिने शोधले होते, अंधेरीच्या ट्रॅव्हल कंपनीत खेपा तिने घातल्या होत्या. पण नेणारे मात्र जयवंतराव. खर्च एकाचा आणि जमा दुसऱ्याच्या नावावर, असे संसार आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर आहेत, त्यामुळे कोणाला त्यात काही खटकलं नाही.

त्यांच्या सायकलीबद्दल मात्र खटकायला हवं होतं. तरुणपणी आपण दहिसरहून माहुलच्या रिफायनरीत रोज सायकलने जायचो, असं ते आम्हाला सांगत आलेत. म्हणजे मुंबईच्या एका टोकाहून जवळजवळ दुसऱ्या टोकाला. गोष्टीत कधी समोरून वारा असे, कधी कुर्ल्याला चेन पडे. चेन कशी बसवली ते दाखवताना त्यांची बोटं हवेत जे काही करत, ते पाहून माणूस पापड वाळत घालतोय असं वाटे. पण कोणी तोंडावर बोललं नाही. उद्या पाण्याच्या टँकरवरून भांडण झालं तर त्यांचा आवाज आपल्या बाजूला लागतो. एकमेकांचं खोटं ऐकून घेणं हा आमच्याकडे मेंटेनन्सचाच भाग आहे.

जानकीला त्या सहलीतून एकच गोष्ट हवी होती. तिने ती तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाला सांगितली, आणि प्रेमाला सांगितलेलं कुठे मुक्काम करत नाही. माहेरी वेंगुर्ल्याला असताना जानकी शाळेत सायकलने जायची. लग्न झालं, सायकल सुटली, आणि रस्ता ओलांडताना, रिक्षात, भाजी घेताना, कानाशी एक आवाज बसला. इकडून चल, तिकडून नको, हळू, आता बघ. “मला अख्खा दिवस माझ्या मनाने जायचंय गं,” ती प्रेमाला म्हणाली. “चुकले तर चुकले. पण कोणी सांगायला नको.”

मग ट्रॅव्हल कंपनीतल्या श्वेताचा फोन आला. सायकली तिथे प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे लावून ठेवतात, तेव्हा दोघांची उंची कळवा. हा फोन आला आणि जयवंतरावांना एकाएकी बायकोचं प्रेम दाटून आलं. वेगवेगळ्या सायकली कशाला, नवराबायकोने एकत्र जावं. दोघांची एकच लांब सायकल मिळते, ती घेऊ. आपण पुढे, जानकी मागे. तिला नुसतं बसायचंय.

त्या सायकलीवर मागच्याच्या हाती ना वळण असतं ना ब्रेक. पेडल दोघांचे एकत्रच फिरतात, तेव्हा पुढच्याची पाठ बघत पाय मारायचे. भूगोलाच्या बाईंना हे समजायला वेळ लागला नाही. त्या एवढंच म्हणाल्या की आधी इथे चालवून बघू.

आयसी कॉलनीतला ग्लेनरॉय हौशी लोकांना सायकली भाड्याने देतो. त्याने एका रविवारी सकाळी दोघांची सायकल नॅशनल पार्कात आणून दिली. जयवंतराव डोक्यावर नवं हेल्मेट घालून आले, आणि ते त्यांनी घरातून घालूनच आणलं होतं, लिफ्टमध्येसुद्धा. पुढच्या सीटवर बसले, हँडल असं धरलं की जणू ते पळून जाणार आहे, आणि दहा पावलांत दोघं रस्त्याकडेच्या पाचोळ्यात. सायकल बरोबर नाही, असं निदान त्यांनी पडल्यापडल्याच केलं. पुन्हा बसले, पुन्हा पाचोळा.

“आंटी, तुम्ही बसा ना पुढे,” ग्लेनरॉय म्हणाला. तो हसला नाही, धंद्याचा माणूस आहे.

जानकी पुढे बसली आणि सायकल निघाली. पहिल्या वळणापर्यंत थोडी डगमगली, मग सरळ. पण कान्हेरीच्या लेण्यांकडचा चढ सुरू झाला आणि तिला दम लागू लागला. मागून सूचना अखंड चालू होत्या. डावीकडे घे, माकड आहे, दगड आहे, मी जोर लावतोय, तू फक्त हँडल सांभाळ.

“अहो,” जानकी म्हणाली, “पाय जरा उचला बघू पेडलवरून.”

“कशाला?”

“उचला तर.”

त्यांनी उचलले. सायकल हलकी झाली.

इतका वेळ ते घाबरून पेडल दाबून धरत होते, आणि जानकी त्यांच्या वजनाबरोबर त्यांची भीतीही वर ओढत होती. चढ संपल्यावर तिने सायकल वळवली आणि खाली येईपर्यंत त्यांना पाय टांगून ठेवायला लावले. उतारावर त्यांनी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा तिच्या तोंडून वेंगुर्लं निघालं. “गप रवा.”

एवढ्यावर मिटलं असतं. नवऱ्याला सायकल येत नाही हे काही मोठं दुःख नाही. न येणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसलं तर आमच्यातला एकही नवरा घरात ठेवण्याजोगा उरणार नाही. पण सोसायटीच्या गेटवर सेक्रेटरी चंद्रप्रकाश भेटले, काय तोरसकर, झाली का प्रॅक्टिस, आणि जयवंतराव हेल्मेटचा पट्टा सोडत म्हणाले, “हिला बॅलन्स नाही हो. मी मागे होतो म्हणून निभावलं.”

जानकी शेजारीच उभी होती. ती वर गेली, चहा केला, त्यांना दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या देखत श्वेताला फोन लावला. एक सायकल, बाईची, उंची अशी अशी.

“आणि सर?” श्वेताने विचारलं.

“ते सामानाबरोबर येतील.”

तिकडच्या कंपन्या रोज प्रवाशांच्या बॅगा एका गावाहून पुढच्या गावाला व्हॅनने नेतात. जयवंतरावांनी आकाशपाताळ एक केलं. मग मी येतच नाही, म्हणाले. जानकी बरं म्हणाली. हे उत्तर त्यांच्या हिशेबात नव्हतं. सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं होतं, आता घरी राहायचं तर पडदे लावून राहावं लागलं असतं. दोन दिवसांनी त्यांचा गुडघा दुखायला लागला. उजवा. चंद्रप्रकाशना डावा सांगितला होता, पण तिकिटं निघेपर्यंत सगळीकडे उजवाच झाला.

तर ते बर्गंडीला गेले. तिथून सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचे फोटो येत, मळे, घंटाघरं, ढग, आणि प्रत्येकात कोपऱ्याला व्हॅनच्या काचेची कड. त्यांना वाटलं होतं की व्हॅन बायकोच्या मागोमाग चालेल आणि खिडकी खाली करून डावं-उजवं सांगता येईल. पण त्या रस्त्यावर मोटारींना मज्जाव, हे लिफ्टसमोर शंभरदा सांगणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे कधी शिरलंच नव्हतं की आपणही मोटारीतच असणार. व्हॅन हायवेने जाई. सकाळी नाश्त्याला जानकी दिसे, मग जी नाहीशी होई ती संध्याकाळी.

शेवटच्या दिवशी एका जुन्या स्टेशनापाशी दोन्ही रस्ते जवळ आले. जयवंतराव व्हॅन थांबवून हेल्मेट घालून उभेच होते. जानकी आली. उन्हाने नाक लाल, कपाळावर चिलटं चिकटलेली. आदल्या दिवशी ती रस्ता चुकून भलत्याच गावात गेली होती आणि तिथे जर्दाळू खात बसली होती, ह्याचा त्यांना अजून राग होता.

“दोन मिनिटं सायकल दे,” ते म्हणाले. “नुसता बसतो, फोटो काढ. ग्रुपवर टाकायला.”

जानकीने पाण्याची बाटली जागेवर खोचली.

“नाही,” ती म्हणाली.

“अगं, मी चालवतोय थोडीच?”

“म्हणूनच.”

त्यांनी व्हॅनच्या ड्रायव्हर बाईकडे पाहिलं. तिला मराठी येत नव्हतं, पण चेहरा पाहून ती दुसरीकडे बघायला लागली. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, लोक काय म्हणतील. जानकी म्हणाली, लोकांना माहीत आहे, लोकांना पहिल्यापासून माहीत आहे. हे मात्र खरं होतं, आणि फुकट मिळण्यासारखं होतं; आमच्यातलं कोणीही त्यांना ते बोरिवलीतच सांगू शकलं असतं.

रस्त्याच्या तोंडाशी मोटारी अडवायला दोन लाकडी खांब रोवलेले होते. जानकी त्यांच्यामधून आत गेली. मागून त्यांनी हाक मारली, डावीकडून जा, डावीकडे सावली आहे. ती उजव्या अंगाने, भर उन्हातून, मळ्याच्या कडेकडेने गेली.