एकशे बेचाळिसावा दात

मेणाची दाढ तळहातावर एवढीशी – वाटाण्याहून जरा मोठी, पिवळसर, चार उंचवटे आणि मधून तिरकी गेलेली एक बारीक कड – आणि त्या कडेवरून नख फिरवताना काल झाला तोच आनंद तिला आत्ताही होत होता, हीच तर खरी पंचाईत. दाढ झाली होती सुरेख. फक्त बाजू चुकली होती.

चहाचा कप ओठाला लावता लावता तिने फोन उघडला होता, तर फोटोखाली कुणा अनोळखी माणसाची एकच ओळ... 'वरची उजवी म्हणता, ही तर डावी आहे.' ना शिवी, ना टोमणा. आणि वर अकराशे लोकांचे बदाम! गेले पाच महिने ती 'रोज एक दात' या आपल्या पेजवर रोज एक दात कोरून टाकत होती, हा एकशे बेचाळिसावा. कारण कृत्रिम दात बनवायचा कोर्स करणाऱ्या मुलीला ओळखतं कोण? नाव होतं डॉक्टरचं, दात घडवणारा मागच्या खोलीत मेण वितळवत बसलेला... म्हणून हा सगळा खटाटोप. आणि त्याला फळ आलं होतं. परवा चक्क मास्तरांच्या, म्हणजे दात घडवण्यात शहरात ज्यांचा हात धरणारा कुणी नाही त्यांच्या, लॅबने तिला फॉलो केलं होतं. मास्तर वर्षाला एकच विद्यार्थी हाताखाली घेतात. अर्ज नको, मार्क नकोत, काम बघतात आणि निरोप धाडतात. निरोप शनिवारी जाणार होता, आणि आज गुरुवार.

"आई, मी उजवीची डावी केली."

"कशाची?"

"दाढेची."

"मग कर परत उजवी," आई म्हणाली, मोजा उलटा झाल्यासारखं, आणि डबा तिच्या हातात देऊन स्वतःच्या चपला शोधायला लागली.

बसमध्ये बसते न बसते तोच वकीलबाईचा फोन. ही तिची वर्गमैत्रीण; कुणावर काही आरोप झाला की हिने वकीलपत्र घेतलंच म्हणून समजा. हिने सकाळीच त्या अनोळखी माणसाला ठणकावलं होतं – फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने फोटो उलटा येतो, एवढंही कळत नाही का! – आणि चाळीसेक जणांनी मान डोलावली होती.

"तू फक्त 'हो ना' एवढंच लिही. विषय संपला."

"अगं, पण मी मागच्या कॅमेऱ्याने काढला होता."

"कुणाला माहितीये?"

"मला."

"तुला कोण विचारतंय!"

खरंच की, तिला कोण विचारत होतं? दोन अक्षरं लिहायची आणि सुटायचं. काल कॉलेज बंद, नमुन्याचा जबडा तिथल्या कपाटात. मग ही शहाणी आरशासमोर आ वासून बसली आणि स्वतःचीच दाढ बघत बघत तीन तास मेण कोरत राहिली. आरसा उजव्याचं डावं करतो हे बाळालासुद्धा कळतं! म्हणजे उलटं झालं होतं हे खरंच, पण ते कॅमेऱ्याने नव्हे, हिने केलं होतं... लाज वाटायला हवी होती, जनाची नाही तर मनाची तरी, पण आ वासलेलं ते आपलं ध्यान आठवून तिला हसूच फुटत होतं. शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या.

आणि मध्येच, काही संबंध नसताना, आजोबा... आजोबांची कवळी जन्मभर हलायची. म्हणून ती सदऱ्याच्या खिशात, रुमालात. फोटो काढायचा म्हटलं की, "थांबा रे, दात घालू दे," फोटो झाला की परत खिशात. घरातल्या यच्चयावत फोटोंत आजोबा तोंडभर हसतायत, आणि त्यांनी एखादी गोष्ट चावून खाल्लेली घरात कुणी पाहिली नव्हती. सात वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "आजोबा, दुखतं का हो?" "फोटोत नाही दुखत," ते म्हणाले होते आणि स्वतःच खो खो हसले होते. तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं की मोठी झाले की ह्यांना चावता येतील असे दात करून द्यायचे. आजोबा काही तेवढे थांबले नाहीत.

अकराशे बदाम, आणि तेही फोटोतल्या दातालाच की! मास्तर वाचतील. शनिवारचा निरोप दुसऱ्या कुणाला जाईल. पाच महिने, एकशे बेचाळीस दात, बोटांना बसलेले चटके... बस सिग्नलला थांबली तशी तिने लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. लोक हसतील. हसतील त्यांचे दात दिसतील – आणि दिसले तर बरंच, तेवढाच अभ्यास!

'कॅमेऱ्याचा काही दोष नाही. आरशात स्वतःची दाढ बघून कोरली. ही डावीच आहे. उजवी उद्या.'

पाठवलं. बस सुटली.

वकीलबाईचं उत्तर पुढच्या थांब्याच्या आत आलं. 'गाढव आहेस. दाढ मात्र झकास.' सहा जण पेज सोडून गेले. कुणीतरी विचारलं, तीन तास तोंड उघडं ठेवून जबडा दुखला नाही का? दुखला की, अजून दुखतोय, तिने लिहिलं. मास्तरांकडून काही नाही. येईलच असं नाही... न आलं तर वाईट वाटेल, खूप वाटेल, रडूसुद्धा येईल, हे तिला आत्ताच स्वच्छ दिसत होतं आणि तरी आत काहीतरी असं हलकं होऊन उड्या मारत होतं, की ती उतरायच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहिली. गेले पाच महिने रोज सकाळी वाटायचं, ती पेजवरची मुलगी हुशार आहे बाई, तिला कुठेतरी बोलावणं येईल, आणि मग मी तिच्या मागोमाग गुपचूप आत शिरेन... आता बोलावलं तर मलाच बोलावतील. नाही बोलावलं, तर – तेही मलाच.