सीटखालची चुंबळ

डूख धरावा तर धाकटीनं. आदळआपट नाही, रुसवा नाही, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाजसुद्धा नाही. थोरल्या जावेला दिवसभर "वहिनी, वहिनी" करायची, तिच्या हातात आयता चहा द्यायची, आणि बाजारातून येताना मासळीखालच्या बर्फाचं वितळलेलं पाणी बाटलीत भरून आणायची. मग घरात सामसूम झाली की ते पाणी थोरलीच्या गाडीत, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली कोंबलेल्या एका फडक्यावर ओतायची.

ते फडकं साधंसुधं नव्हतं. ती तिच्या आईची चुंबळ होती. डोक्यावर टोपली घेण्याआधी खाली ठेवतात ना, जुन्या कापडाची गुंडाळी, तीच. आईनं जन्मभर मासळी विकली आणि त्यावर पोरं वाढवली. धाकटीला बाळ झालं तेव्हा आई बघायला आली होती. दोनदा अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, टोपलीतून नातवासाठी झबली-टोपडी घेऊन. निघताना मोठे भाऊजी म्हणाले, "आता उन्हात कुठे चालत जाता? ही दुकानात निघालीच आहे, सोडेल तुम्हाला."

थोरलीचं शिवलेल्या कपड्यांचं दुकान. गाडी नवीकोरी. तिनं तोंडानं "हो हो, बसा ना" म्हटलं, पण आधी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. आई बसली तशी चारही काचा खाली केल्या. पहिल्या वळणावर कप्प्यातून अत्तराची बाटली काढली आणि आई शेजारी बसलेली असताना तिच्या अंगावरून फवारा मारला. एकदा नाही, दोनदा! धाकटी आईला सोडायला म्हणून बाळाला घेऊन मागे बसली होती. नवी सून, काय बोलणार? कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आलं तशी आई म्हणाली, "ताई, मला इथेच सोडा. जरा काम आहे."

त्या कोपऱ्यावर आईचं कसलं डोंबलाचं काम! तिथून तिचं घर कुठच्या कुठे. ती घाईघाईनं उतरली आणि चुंबळ सीटवरच राहिली. थोरली नाक दाबून म्हणाली, "अगं, ते फडकं फेक बाहेर आधी." धाकटीनं फेकलं नाही. पदराआड लपवलं.

त्यानंतर आई त्या घरी आली नाही. "ये ना गं," म्हटलं की म्हणायची, "येईन, सवड झाली की." सवड काही झाली नाही. तापाचं निमित्त झालं आणि आई गेली. धाकटी रडली, आणि रडून झाल्यावर तिनं ट्रंकेतून चुंबळ काढली. तिला थोरलीची माफीबिफी नको होती. कोरडी माफी काय, कुणीही मागतं. तिला हवं होतं की वासावरून माणूस उतरून जातं तेव्हा कसं वाटतं, ते थोरलीला एकदा कळावं. आतून कळावं.

मग सुरू झाला तमाशा. थोरलीनं आधी गाडीतल्या आरशाला सुगंधी पुठ्ठा टांगला. मग गालिच्यावर खायचा सोडा पसरला, लिंबं चिरून ठेवली, वाटीत कॉफी ठेवली, मोज्यात कोळसा भरून ठेवला. गाड्या धुणाऱ्यानं एसीची जाळी बदलली, गालिचे काढून वाफेनं धुतले, आणि वास तरीही येतोच म्हटल्यावर हात टेकले. "बाई, कुठेतरी उंदीर मेलाय," एवढं सांगून तो मोकळा झाला. सीट उलटी करून बघायचं त्याला बापजन्मी सुचलं नाही. थोरलीचा भरवसा शेवटी अत्तरावर. सकाळ-संध्याकाळ फवारा. त्यामुळे झालं असं, की गुलाबाच्या बागेत बोंबील वाळत घातल्यासारखी गाडी घमघमायला लागली. आणि वास जरा मंदावला, थोरलीच्या चेहऱ्यावर हसू आलं, की धाकटीची बाटली तयार.

उपाय धाकटीला पाठ होता. आईचा रोजचाच तो. वास कुठून येतो ते आधी शोधायचं आणि तेवढं काढून टाकायचं. मग व्हिनेगरच्या पाण्यानं पुसायचं आणि दारं सताड उघडी टाकून कडक उन्हात वाळवायचं. वरून अत्तर मारायचं नाही, त्यानं एकाचे दोन वास होतात. पण मासळीवालीच्या लेकीला विचारतंय कोण? गाडीतून नेलेल्या कपड्यांना वास लागला, गिऱ्हाइकं झगे नाकाशी नेऊन परत ठेवायला लागली, तरी थोरलीनं विचारलं नाही. धाकटी मनात म्हणाली, बसा मग.

आणि एका दुपारी थोरली घरी आली ती तशीच स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. डोळे लाल.

"काय झालं, वहिनी?"

"डॉक्टरीणबाई," थोरली म्हणाली. या बाईच्या लेकीच्या लग्नाचे सगळे कपडे थोरलीकडे शिवायला होते, आणि थोरली तिचं नाव सांगत गावभर मिरवायची. "म्हटलं, घरी सोडते. बसल्या. रुमाल नाकाला लावला. काच खाली केली. आणि मध्येच म्हणाल्या, मला इथेच सोडा, जरा काम आहे."

धाकटीच्या हातातली पळी थांबली.

"काम कसलं! भर रस्त्यात कसलं काम असतं गं? मला काय कळत नाही? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

"कळतं ना?" धाकटी म्हणाली. "माझ्या आईलाही काही काम नव्हतं."

थोरलीचा चेहरा उतरत उतरत पांढराफटक पडला.

"तू केलंस हे?"

"मी केलं. आईची चुंबळ आहे सीटखाली. तुम्ही फेकायला सांगितली होती ती."

धाकटीला वाटलं होतं, आता आरडाओरडा होणार, भाऊजींना हाका जाणार, घर डोक्यावर घेतलं जाणार. तिची तयारी होती. पण थोरली खालमानेनं एवढंच म्हणाली, "काढ गं ती. पाया पडते."

"काढते. पण इथे नाही. चला."

थोरलीनं मुकाट्यानं गाडी काढली. धाकटी आज पुढे बसली, आईच्या जागेवर. काचा बंद. थोरलीचा हात सवयीनं बटणाकडे गेला, धाकटीनं नुसतं पाहिलं, हात परत आला. सायकलच्या दुकानापाशी धाकटी म्हणाली, "थांबवा." वाकून, सीटखाली हात घालून तिनं ती ओली, काळपट गुंडाळी ओढून काढली आणि थोरलीच्या मांडीवर ठेवली.

"उतरा. असंच ऊन होतं त्या दिवशी. तिच्या डोक्यावर रिकामी टोपली होती आणि ही खाली नव्हती. चालत जा घरी. फेकू नका मात्र."

थोरली उतरली. दोन्ही हातांत चुंबळ धरून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा चुकवत चालायला लागली. सायकलवाल्यानं नाक मुरडून तिच्याकडे वळून पाहिलं. धाकटीनं तेही डोळे भरून पाहिलं. काळीज थंड झालं तिचं, खोटं कशाला बोला!

थोरली वळणाआड गेली. आता दारं उघडायची, वारा येऊ द्यायचा, घरी नेऊन पुसायचं, म्हणून धाकटीनं दाराला हात घातला. गाडीत अजून वास होताच. बर्फाचा, खाऱ्या पाण्याचा, लहानपणी आई बाजारातून आली की दारातूनच तिला कडेवर उचलून घ्यायची तेव्हाचा.

तिनं दार उघडलं नाही. आई गाडीत बसली होती, आणि या वेळी तिला कुठे उतरायचं नव्हतं.