मायचा अबोला

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मायची गोष्ट अजून सांगतात. सांगणारे बहुतेक तिच्या मरणानंतर जन्मलेले. गावात मरी आली, सगळं गाव मरीमायपुढे वाकलं, एकटी रंभाबाई वाकली नाही, असं सांगतात आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे कौतुकाने बघतात. मला या गोष्टीचा राग येतो. ती खोटी नाही, पण अर्धी आहे, आणि जी अर्धी गाळली तिच्यात माझा भाऊ आहे.

चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आमचं गाव पाथरटोला, सिंदेवाहीपासून जंगलात बरंच आत. वीसेक घरं, सगळी गोंडांची, आमचंही त्यातलंच. माझा बाप इसरू सागवान तोडण्याच्या कामावर पाय मोडून मिशनच्या दवाखान्यात पडला आणि परत आला तो येशूला सोबत घेऊन. आमचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी माझं नाव मार्था झालं. पुढे भाऊ झाला, त्याचं दावीद. माय मात्र रंभाच राहिली. एवढ्या वयात नवं नाव कोण लक्षात ठेवील, म्हणाली.

गावानं आम्हाला वाळीत टाकलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. पूजेची वर्गणी आम्ही देत नव्हतो आणि पूजेचा वाटा घेत नव्हतो, एवढंच. बाकी रोवणीला, मोहफुलं वेचायला, लग्नाला, मरणाला सगळीकडे आम्ही होतो. पुढे बाप लाकडाच्या ओंडक्याखाली सापडून गेला, तेव्हा आमच्या धानाच्या बांध्या गावानंच रोवून दिल्या.

बाप गेल्यापासून मायचं देवाशी बोलणं फार वाढलं. गुडघे टेकून, डोळे मिटून बोलायची ती रीत वेगळी, ती रविवारची. एरवी ती निंदताना, दळताना, कोंबड्या कोंडताना त्याच्याशी बोलत राहायची, कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशी. "पाह्यलं का बापा, गाभण बकरी पडली ना खड्ड्यात! आता तूच सांग." दावी हसायचा आणि तिची नक्कल करायचा. चार वर्षांचा होता. त्याच्या नकलेतला देव बहिरा असायचा, त्याला सगळं ओरडून सांगावं लागायचं.

भादव्यात मरी आली, म्हणजे पटकी. नाले दुथडी भरून वाहत होते, दवाखान्याची वाट बंद. आधी दोन म्हातारी माणसं गेली, मग लेकरं जायला लागली. कोलू भूमक, म्हणजे गावाचा पुजारी, त्याचा नातू गेला. त्या नातवाची आई मंगली आमच्या मागच्याच घरात राहायची. तिचं रडणं भिंतीतून ऐकू यायचं.

तेव्हा गावानं बांधणी करायचं ठरवलं. गावबांधणी म्हणजे मरीला शिवेबाहेर काढून गावाची शीव मंत्रानं बंद करायची. त्यासाठी घराघरातली चूल विझवतात. मरीमायच्या दगडापुढे वाळक्या बांबूवर बांबू घासून नवा विस्तव काढतात, आणि प्रत्येक घरची बाई खापर घेऊन जाते, डोकं टेकवते आणि निखारे घरी आणते. एका घरात जरी जुना किंवा दुसरा विस्तव असला, तरी बांधणी तुटते.

कोलू भूमक सकाळी आमच्या अंगणात आला. नातवाला पुरून त्याला आठवडाही झाला नव्हता. उभा राहिला, खाकरला.

"बसा, कोलूबाबा," माय म्हणाली.

"बसत नाई. रंभाबाई, चूल विझवा लागते."

"विझवीन."

"अन् इस्तो घ्याले यावं लागते. मरीमायपुढं डोकं टेकवा लागते."

"ते नाई जमत मले. तुमाले मालूम हाये."

"मालूम हाये ना. मी एकटा असतो तं तसाच देल्ला असता तुले इस्तो. पण लोक आयकत नाई. भेव शिरला लोकायच्या पोटात. पोट्टे मरून राह्यले, बाई."

माय आत गेली, पाण्याची घागर उचलली आणि त्याच्यादेखत चुलीवर ओतली. राखेचा लोट उठला. पेजेचं गाडगं नुकतंच चढवलेलं होतं, ते तिनं बाजूला ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्या पोरायसाठी विझवली. नवा इस्तो घेतल्याबिगर पेटवत नाई, हा शब्द देल्ला. आमचं आमी पाहून घेऊ."

हे मंडळीत कोणी सांगत नाही. डोकं टेकवलं नाही तेवढं सांगतात, घागर ओतली ते गाळतात. मला विचाराल तर मायचा येशू त्या घागरीतच जास्त होता. पण मला कोण विचारतो?

त्या संध्याकाळी बांधणी झाली. ढोल वाजले, घराघरातून धूर निघाला. आमच्या छपरातून निघाला नाही. भिजवलेले तांदूळ आणि मीठ खाऊन आम्ही झोपलो. सकाळी दावीला जुलाब सुरू झाले.

दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. मिशनच्या नर्सबाईनं मागे मायला बजावून ठेवलं होतं की या दुखण्यात पाणी उकळूनच पाजायचं, आणि पातळ पेज द्यायची, मीठ घालून. म्हणजे जे करायचं ते मायला ठाऊक होतं. चूल होती, लाकडं होती, तांदूळ होते. डब्यात आगपेटीसुद्धा होती. मी ती आगपेटी काढून मायपुढे धरली. मी दहा वर्षांची होते आणि मला सगळं फार सोपं वाटत होतं.

"माय, काडी ओढ ना. कोणाले दिसते?"

"धूर दिसते."

"दिसू दे."

"दिसला तं लोक भितीन, मार्था. उद्या ज्याच्या घरी पोट्टं मरन, तो म्हणन का रंभाच्या धुरानं मेलं. अन् त्या मायले मी काय सांगू? नाई मेलं म्हणू?"

"मंग जाऊन डोकं टेकव."

तिनं मला मारलं नाही. मारेल असं वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "तुया बाप मेला तवा ज्या देवाच्या गळ्यात पडून रडली, त्याले आज 'तू नाई' म्हणू का?"

मला ते तेव्हा पटलं नाही. आज मी तिच्याहून म्हातारी झाले आहे आणि आजही पुरतं पटत नाही. कधी वाटतं बरोबर होती, कधी वाटतं चार काड्या ओढायला हव्या होत्या आणि गाव गेलं असतं खड्ड्यात. मी हे प्रार्थनेतही बोलते. देवाला माझं बोलणं आवडत असेल असं नाही.

विहिरीचं पाणी तिनं त्याला दिलं नाही. अंगणात पितळी गुंड उघडी ठेवून पावसाचं पाणी धरलं आणि तेच पाजलं. तांदूळ पाट्यावर वाटून पाण्यात कालवले, पदराच्या टोकानं गाळले, चमच्यानं तोंडात घातले. तो ओकला. पुन्हा घातले, पुन्हा ओकला. त्याचे हातपाय गार पडायला लागले आणि घरात ऊब द्यायला निखारा नव्हता. तिनं त्याला पोटाशी धरलं, वरून बापाची घोंगडी घेतली. आणि सगळा वेळ बोलत राहिली. माझ्याशी नाही. "पाहून राह्यला ना बापा? मी तुयं बी सोडलं नाई, अन् त्यायचं बी तोडलं नाई. आता मधात तू ये. मायी अक्कल इथीच सरली."

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचं कवाड वाजलं. मंगली होती. लुगड्याच्या पदराखाली वाटी, वाटीत पेज, वाफ निघत होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"धूर नाई दिसला तुया घरचा," ती म्हणाली. "पोट्टा कसा हाये?"

मायनं घोंगडी बाजूला केली. मंगलीनं बघितलं आणि खालीच बसली.

"घे, पाज त्याले. माया पोट्ट्यासाठी राखून ठेवले होते ते तांदूळ."

मायनं वाटी घेतली. मग तिचा हात थांबला.

"मरीमायले दाखवली का आधी?"

"दाखवली ना. न दाखवता कशी आणू? नव्या इस्त्यावरची पेज हाये."

मी मायच्या तोंडाकडे बघत होते. प्रचारक पत्रूभाऊंनी किती वेळा सांगितलं होतं, दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं अन्न घरात आणायचं नाही. मंगलीलाही ते ठाऊक होतं. ती म्हणाली, "रंभाबाई, माया हातची हाये. दुसऱ्या कोणाची समजू नको." आणि रडायला लागली.

मायनं वाटी दोन्ही हातांत धरून डोळे मिटले. काय बोलली ते ऐकू आलं नाही. मग तिनं चमचा भरला.

दावीनं पहिला चमचा गिळला. दुसरा गिळला. ओकला नाही. आम्ही तिघी बघत होतो. वाटी अर्धी झाली तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आणखीन."

मंगली उठून धावली. अजून आणते, अजून गाडगंभर आहे, म्हणत धावली. माय हसली, खरंच हसली, आणि उरलेली वाटी त्याला पाजू लागली. पण त्यानं आता तोंड उघडलं नाही. मंगली दुसरी वाटी घेऊन आली तोवर तो गेला होता.

खड्डा कोलू भूमकानं स्वतः खणला, बापाच्या शेजारी. गावातली माणसं आली, भर पावसात उभी राहिली. आमची प्रार्थना म्हणायला कोणी नव्हतं, पत्रूभाऊ नाल्यापलीकडे. मायनं म्हणायला हवी होती. ती उभी राहिली आणि तिच्या तोंडून काही निघालं नाही. शेवटी मीच पाठ होती तेवढी म्हटली, मध्ये चुकले, पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

घरी आलो तर मागोमाग कोलू आला. हातात खापर, खापरात निखारे. त्यानं ते आमच्या चुलीत नेऊन ठेवले. वर काटक्या रचल्या, फुंकलं.

"कोणाले डोकं टेकवाचं नाई आता," तो म्हणाला. "गावाले इचारलं मी. सगळे हो म्हणले."

तो चांगला माणूस होता. त्या क्षणी मला त्याचा जीव घ्यावासा वाटला. दावी जिवंत असताना सगळे हो का म्हणाले नाहीत? मायला काय वाटलं मला ठाऊक नाही. तिनं पाणी ठेवलं, तांदूळ धुतले, माझ्यासाठी पेज शिजवली, ताटलीत वाढली. जेवणाआधी उपकार मानायची आमच्या घरची रीत होती. मी हात जोडून बसले. माय समोर बसली. पेज निवत चालली होती.

मग ती वर न बघता म्हणाली, "देवा, आजपासून मी तुयासंग बोलत नाई. पण घर सोडून बी जात नाई. इथीच हाओ."

यावर आमेन म्हणायचं असतं का, मला कळेना. भूक फार लागली होती. मी आमेन म्हटलं आणि जेवले.

तिनं ते खरं केलं. निंदताना गप्प, दळताना गप्प. घर इतकं मुकं झालं की मला कोंबड्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. रविवारी मात्र ती अंगण सारवायची, चटई घालायची, धुतलेलं लुगडं नेसून मला म्हणायची, "तू म्हण. मी बसते." मी प्रार्थना म्हणायची, ती ओठ मिटून शेवटपर्यंत बसायची. एकही रविवार तिनं चुकवला नाही.

नाले उतरल्यावर पत्रूभाऊ आले. आधी त्यांनी मायला शाबासकी दिली. मग बांधणीसाठी चूल विझवली म्हणून बोलले, आणि मंगलीच्या पेजेबद्दल तर बरंच बोलले. माय ऐकत राहिली. प्रार्थनेला तिनं तोंड उघडलं नाही, तेव्हा त्यांनी घाबरून विचारलं, "रंभाबाई, विश्वास सोडला का?"

"सोडला असता तं राग कोणाचा आला असता?" माय म्हणाली आणि त्यांना चहा द्यायला उठली.

पुढचा पावसाळा आला. मंगलीला मुलगी झाली होती, चार महिन्यांची. तिला ताप चढला आणि मंगली भर दुपारी तिला घेऊन आमच्या दारात आली. कोलूनं झाडपाला करून पाहिला होता, मरीमायला कोंबडं कबूल केलं होतं. ताप उतरेना.

"रंभाबाई, तुया देवाले सांग ना."

"माया त्याच्याशी अबोला हाये, मंगली."

"मालूम हाये मले. वर्षभर पाहून राह्यली." मंगलीनं लेकरू मायच्या मांडीवर ठेवलं. "माया पोरीसाठी बोल."

मायनं त्या तापल्या कपाळावर हात ठेवला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आणि मग ती बोलायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, मग भांडल्यासारखी, डोळ्यांतून धारा लागलेल्या. वर्षभराचं साचलेलं होतं सगळं. काय काय बोलली ते मी लिहिणार नाही. ते तिचं आणि त्याचं आहे. त्या सगळ्यात मधून मधून ती म्हणत होती, हिले राहू दे, हिले तरी राहू दे.

पोर वाचली. पुढे तिला आठ लेकरं झाली.

मंगली तिला घेऊन गेली तेव्हा मी कोपऱ्यात बसून होते. मला आनंद झाला नाही. मी म्हटलं, "माय, तिची पोर वाचवली. मंग आपला दावी काऊन नाई?"

"तेच इचारलं म्या त्याले."

"सांगितलं का त्यानं?"

"नाई." मायनं पदरानं तोंड पुसलं. "पण इचाराचं हाये तं बोला लागते ना, मार्था. गप्प बसून कसं इचारू?"

त्यानंतर ती तेवीस वर्षं जगली, आणि रोज विचारत राहिली.