दात खाली

अप्पा सुतारांना लाकूड कळायचं, पोटची पोरं मात्र कळली नाहीत. जाताना त्यांनी लाकडात नक्षी कापायची मशीन, स्क्रोल सॉ, थोरल्याला दिली आणि तिच्या पात्यांचा डबा धाकटीला. एकाचं दुसऱ्यावाचून अडेल, मग झक मारत बोलायला लागतील, असा त्यांचा हिशेब. झालं भलतंच.

मशीन जुनी. तिला टोकाशी आडवी खीळ असलेलीच पाती लागत आणि तसली आता शोधूनही मिळत नव्हती. उरलेली सगळी धाकटीच्या डब्यात होती. सरळ दातांची, खालची कड साफ राखणारी उलट दातांची, चहूबाजूंनी कापणारी पिळाची. बारा वर्षं त्या मशीनवर तीच बसली होती. थोरल्याचं फरशीचं दुकान. भुशाने त्याला शिंका यायच्या. तरी तिने मशीन मागितली तेव्हा तो म्हणाला, "भंगारात घालीन, पण तुला देणार नाही. अप्पांनी जन्मभर तुझंच कौतुक केलं."

महिन्याभरात त्याने गिऱ्हाईक आणलं. निवृत्त मास्तर. नातवंडांसाठी खेळणी करायची हौस दांडगी, पण हातात आजवर खडूशिवाय काही धरलेलं नाही. त्यांना मशीन चालताना बघायची होती. नाइलाजाने थोरल्याने बहिणीला फोन केला.

ती लगेच आली. खरं तर तिथेच त्याला संशय यायला हवा होता.

"एकच पातं देईन. आणि बसवणार मी."

"बसव बाई. आम्हाला कुठली अक्कल!"

तिने पातं उलटं बसवलं, दात वर करून. बारा वर्षांत ही चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती. आज तिने ती मन लावून केली.

मास्तरांनी फळी पुढे सरकवली. पात्याने ती उचलली आणि टेबलावर दाणकन आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. मास्तर स्टुलासकट मागे सरकले.

"अहो, ही तर अंगावर येते!"

"म्हातारी झालीय," धाकटी साळसूदपणे म्हणाली. मनातून तिला उकळ्या फुटत होत्या. आता कुत्रंही विचारणार नाही हिला. कंटाळून देईल आपल्यालाच.

थोरला चिडला नाही. कोपऱ्यात जाऊन त्याने घण आणला.

"भंगारवाला असलं बिडाचं धूड अख्खं उचलत नाही. फोडून द्यावं लागतं," तो बहिणीकडे बघत म्हणाला.

"दादा, तमाशा नको."

त्याने घण खांद्यावर नेला. तो खरंच फोडणार होता. लहानपणी तिची पाटी फोडतानाही त्याचा चेहरा असाच झाला होता.

"थांब! पातं उलटं आहे. मीच लावलंय."

बोलून गेली आणि तिला स्वतःचीच चीड आली. पण आता काय! तिने पातं काढलं, दात खाली करून लावलं, ताण दिला, नखाने छेडून सूर ऐकला. मग त्याच फळीतून तिने हत्ती कापला, सोंडेच्या वळणासकट, न थांबता. मास्तरांनी कडेवरून बोट फिरवलं आणि ते हरखून गेले.

"ऐकलंत ना मास्तर?" थोरला म्हणाला. "मशीन ठणठणीत आहे. खोट आमच्या बहिणीत आहे."

मशीन टेंपोत चढली. मास्तरांनी चाचरत विचारलं, "पाती कुठे मिळतील?"

"कुठेच नाही," धाकटी म्हणाली आणि डबा काखेत मारून चालू लागली. थोरल्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो बघून तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. फाटकापर्यंत तसंच वाटत राहिलं. मग मास्तरांच्या पडवीत गंजणारी मशीन तिच्या डोळ्यांपुढे आली.

ती परत फिरली आणि तिने डबा मास्तरांच्या हातात दिला.

"दात खाली. कायम खाली. विसरायचं नाही."

थोरल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती त्याच्याकडे न बघता निघून गेली. त्यानंतर त्या दोघांचं एकमेकांवाचून कधीच काही अडलं नाही.