कंसातलं नीळबंदर

या, असे जवळ या. मागच्यांनीही थोडं पुढे सरकावं, जागा आहे. आजचं आख्यान राजाचं नाही, ऋषीचंही नाही. विश्रांतवाडीच्या जरीनाआपांचं आहे. समुद्र त्यांच्या भावाचं घर गिळायला निघाला, तेव्हा त्या बाईंनी काय केलं, ते सांगतो.

"नोटीस कुणाला दिली?" जरीनाआपांनी विचारलं.

रविवारची सकाळ होती. हेमाच्या घरी पोह्यांच्या बशा बाजूला सरकवून टेबलावर त्यांच्या खेळाचं एक जाडजूड नवं पुस्तक उघडलं होतं. हेमाने आत्ताच त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं होतं : शंभर वर्षं उलटली, समुद्र चढला आणि नीळबंदर बुडालं.

"कसली नोटीस, आपा?" हेमा म्हणाली. "कंपनीने अधिकृत बदल केलाय. बारा देवांचे सात केलेत, दोन राज्यं एक केलीत. जगभर आता हेच खेळणार."

हा खेळ मोठा गमतीचा. तीन-चार जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो, इथे ते काम हेमाचं; बाकीचे त्या कथेतली माणसं होऊन बोलतात, वागतात; अडलं की फासे टाकायचे. म्हणजे अर्धं कीर्तनच की! फरक एवढाच, की इथे श्रोत्यांनी मध्ये बोलायचं असतं. कथेतला मुलूख मात्र परदेशातली एक कंपनी छापून पाठवते. त्याच मुलखाच्या टोकाला नीळबंदर, आणि नीळबंदरच्या टोकाला दीपघर. ते दीपघर जब्बारचं.

जब्बार म्हणजे आपांचा धाकटा भाऊ, स्वारगेट डेपोतला मेकॅनिक. एकदा हेमाची स्कूटर दुरुस्त करायला आला, टेबलावरचे वीस बाजूंचे फासे बघून थांबला, तो बारा वर्षं थांबला. खेळात त्याने तलवार घेतली नाही, जादू घेतली नाही. बत्तीवाला झाला. दर रविवारी दीपघर बांधलं, वाट चुकलेल्यांना आत घेतलं, कढी-खिचडी वाढली. दोन वर्षांमागे तो गेला. त्याची फाशांची पिशवी परत द्यायला आलेल्या आपा "बसा की जरा" म्हटल्यावर बसल्या, आणि भावाचा बत्तीवाला त्यांनीच पुढे चालवला. भाऊ रविवारी कुठे जायचा, हे त्यांना तो गेल्यावर कळलं होतं. आता उरलेलं ते दीपघरही पाण्याखाली चाललं होतं.

"नोटीस अमेरिकेला बजावायची का, आपा?" श्याम म्हणाला. हा शाळेत गणित शिकवायचा आणि घरीदारी सगळ्यांना गुण द्यायचा. "रजिस्टर पोस्टाने पाठवू. पोचपावती पुढच्या जन्मी येईल."

"कंपनीला नाही रे. नीळबंदरच्या लोकांना."

आपांनी एकतीस वर्षं भूमापन कार्यालयात काढली होती. मालक बदलला, माणूस मेला, की नोंद बदलायची. पण बदलायची रीत असते. आधी संबंधितांना नोटीस, मग हरकतीला पंधरा दिवस, आणि मगच नवी नोंद.

"मी बदल अडवत नाहीये," त्या म्हणाल्या. "जब्बारचं नाव रेशनकार्डावरून मीच कमी करून आले. रांगेत उभी राहून. पण पुस्तकात माणसांचं काय झालं, ते लिहिलंय?"

हेमाने पान उलटलं, पुन्हा मागे आली. "नाही. फक्त 'बुडालं'."

"मग ते आपण करायचं. दोन रविवार दे मला."

"आपा, डिसेंबरात मेळावा आहे. सगळे गट नव्या नकाशावर खेळणार. आपण मागे पडू."

"सरकारी बदलाला पंधरा दिवस मिळतात. तुझा समुद्र काय कलेक्टरपेक्षा मोठा आहे?"

श्याम हसला. "दे बाई. नाहीतर अपिलात जातील."

पहिल्या रविवारी ते दारोदार फिरले. म्हणजे हेमा एकेक दार उघडायची आणि आपा सांगायच्या. पाववाला ऐकेना, त्याला श्यामने खांद्यावर टाकला. एका म्हातारीला तुळस सोडवेना, तर कुंडीसकट होडीत बसवली. नीळबंदरात तुळस कुठली, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या रविवारी पाणी चढलं. सगळं गाव टेकडीवर पोचलं होतं. एक कोळ्यांची होडी तेवढी बाहेर होती आणि दीपघरात बत्तीवाला वर उभा होता.

"पाणी पायरीला लागलं," हेमा म्हणाली. "आपा, तुम्ही उतरू शकता. फासा टाका. दहाच्या वर आला की वाचलात. आठ आला तरी मी चालवून घेईन."

आपांनी पिशवीतून भावाचा फासा काढला. तळहातावर धरला.

"होडी आली का?"

"नाही अजून."

"मग फासा कशाला? शेवटची गाडी डेपोत आल्याशिवाय तो कधी घरी आला नाही. जेवण झाकून ठेवायचे मी. तो उतरणार नाही, हेमा."

फासा पिशवीत परत गेला. श्यामने चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत बसला. मग हेमाने हळूच सांगितलं, होडी आली. उजेड धरून आली. सातही जण उतरले. त्यानंतर उजेड दिसला नाही.

जुना नकाशा भिंतीवरच होता. मेळाव्यासाठी तोच सुधारायचा, म्हणून हेमाने व्हाइटनरची बाटली उघडली.

"थांब," आपा म्हणाल्या. "खाडाखोड नाही. आमच्या दप्तरात जुनं नाव पुसत नाहीत. कंसात घेतात. पुढच्याला वाचता यायला हवं, आधी इथे कोण होतं."

त्यांनी पर्समधून निळं पेन काढलं, पट्टी लावली, आणि 'नीळबंदर' भोवती दोन कंस काढले. एकतीस वर्षांचा हात, रेघ हलली नाही. खाली लहान अक्षरात कारण लिहिलं : पाणी आले, माणसे बाहेर काढली. मग तारीख आणि सही. त्यावर समुद्राचा निळा रंग त्यांनी स्वतः दिला, अक्षरं दिसतील इतका पातळ.

डिसेंबरात मेळाव्याला कोथरूडच्या गटातल्या एकाने त्या नकाशावर बोट ठेवलं. "हे काय? नव्या आवृत्तीत इथे नुसतं पाणी आहे."

आपा उत्तर द्यायला वळल्या, तोवर श्याम बोलून गेला होता.

"पाणीच आहे. तिथे आमचे जब्बारभाई असतात."

बस, एवढंच. भगवंताच्या दारी कुणाची नोंद कशी ठेवतात, मला ठाऊक नाही. पण पुसत नसावेत, असं मला आपलं वाटतं. तुम्ही एक करा. स्वारगेटवरून जाताना एखादी एस.टी. उशिराने आत शिरताना दिसली, तर तिची वाट बघणाऱ्या त्या जब्बारची आठवण काढा.