बुडाखालचा कागद

मित्रांनो, मी पारनेर तालुक्यातल्या एका गावच्या चावडीतला जुना रेडिओ आहे. इतकी वर्षं झाली, पण बहात्तर सालच्या एका मंगळवारचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

नवा आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! पोरांनी काटा हलवू नये म्हणून सरपंचांनी माझ्या कळीला लाख लावून ती पक्की केली. पंचायतीचे शिपाई गहिनीनाथ मला रोज पुसत. मी बाजारभाव सांगे, आणि सारा गाव कान टवकारून बसे.

त्या उन्हाळ्यात रेडिओ केंद्राची माणसं आली आणि म्हाताऱ्या बनुबाईंचं बोलणं टेपवर घेऊन गेली. राखेत बियाणं कसं टिकवावं, हे त्यांनी खड्या आवाजात सांगितलं होतं. पंधरवड्यात बनुबाई वारल्या. कार्यक्रम मंगळवारी संध्याकाळी सात वाजता लागणार होता. त्यासाठी लेक छबूबाई सासरहून, श्रीगोंद्याहून आली.

"आईचा फोटू बी न्हाई आमच्याकडं," ती म्हणाली. "आवाज तरी ऐकते."

सात वाजले आणि माझ्या तोंडून नुसती खरखर! गहिनीनाथांनी थापट्या मारल्या, बॅटरी बदलली. मी जीव तोडून शोधत होतो, पण नेहमीच्या जागी केंद्रच नव्हतं. आठ वाजता, कार्यक्रमाची वेळ सरल्यावर, छबूबाई उठली.

सकाळी दुरुस्तीला न्यायला मला उचललं, तर फळीवर अंथरलेला कागद माझ्या बुडाला चिकटून आला. सूर्यभान मास्तरांनी तो उलटून सगळ्यांना वाचून दाखवला.

'मंगळवारपासून केंद्र नव्या जागी लागेल. काटा येथे फिरवा.' शेजारी काट्याचं चित्रही होतं! लोकांना कळावं म्हणून सरकारनं पैसा खर्चून असे कागद गावोगाव धाडले होते. आमचा गठ्ठा आठ दिवस आधीच येऊन चावडीत पडला होता.

"कोरी बाजू लई पांढरीशुभ्र हुती," गहिनीनाथ पुटपुटले. "म्हनलं, रेडिओखाली शोभंल. वाचलंच न्हाई मी."

लाख खरवडून काटा फिरवला. मी लगेच खणखणीत बोलू लागलो. ते ऐकून छबूबाईला रडू कोसळलं.

मास्तरांनी केंद्राला पत्र टाकलं. उत्तर आलं, की टेप कमी पडतात, बनुबाईंचं बोलणं पुसून त्या टेपवर आता दुसरा कार्यक्रम भरला आहे. जगभरच्या बातम्या सांगणारा मी, आणि माझ्याच बुडाखालची बातमी मला ठाऊक नव्हती!

मित्रांनो, लोकांसाठी छापलेला कागद आधी लोकांना वाचून दाखवा. गहिनीनाथ पुढे जन्मभर तसंच करत राहिले. फक्त छबूबाई माहेरी आली की ते मला पुसायला येत नसत.