मानेची फट

मी एक जुना मासा आहे. हसू नका, मित्रांनो. माझा जन्म लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात झाला. कागदाचा लगदा आणि शाडू, एवढंच माझं अंग. पण ज्याच्यावरून मला घडवलं, तो खरा मासा छत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात रुबाबात फिरत होता. तुमचे ते लाडके डायनोसोर तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

माझ्या डोक्यावर आणि छातीवर हाडांचे जाड पत्रे आहेत. शिवडीच्या एखाद्या कोळणीने मला कापायला घेतलं असतं, तर तिचा कोयता बोथट झाला असता. म्हणून आम्हाला चिलखती मासे म्हणतात. शेपटीकडे मात्र आम्ही अगदी उघडे. आमच्याआधीच्या माशांतही चिलखतवाले होते, पण त्यांना जबडाच नव्हता; बिचारे तळाचा गाळ चोखून पोट भरायचे. आम्ही जबडा असलेल्या पहिल्यावहिल्या प्राण्यांतले. कल्ल्यांना आधार देणारी पुढची कमान बदलत बदलत जबडा झाला, असं शास्त्रज्ञ मानतात. माझ्या जातीला दात नव्हते. जबड्याच्या हाडाचीच पाती होत आणि एकमेकांवर घासून ती धारदार राहत.

पण माझा खरा तोरा मानेत आहे. डोक्याचं चिलखत वेगळं, छातीचं वेगळं. मध्ये फट आणि दोन्ही बाजूंना बिजागरी. नुसता खालचा जबडा पाडून आमचं तोंड पुरतं उघडत नसे. त्यासाठी डोकंही वर उचलावं लागे.

शाळेच्या प्रदर्शनासाठी मला घडवून घेताना हे सगळं मीनाक्षीबाईंनी अप्पांना चित्र काढून समजावलं होतं. मीनाक्षीबाई परळच्या एका शाळेत शास्त्र शिकवत आणि अप्पा हे मला घडवणारे मूर्तिकार. साल छप्पन. मुंबई महाराष्ट्रालाच मिळाली पाहिजे म्हणून सारं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं, गोळीबारात माणसं गेली होती. बाई सत्याग्रहात गेल्या आणि तुरुंगात राहून आल्या. तेव्हापासून शाळेचे चिटणीस तात्यासाहेब घुश्शात होते. त्याच प्रदर्शनात पाहुण्यांसमोर सत्याग्रहाबद्दल माफी मागा, नाहीतर नोकरी सोडा, असं त्यांनी बजावलं होतं. बाईंच्या घरी चूल पेटायची ती त्यांच्याच पगारावर.

प्रदर्शनाच्या सकाळी अप्पा मला हातगाडीवरून शाळेत घेऊन आले. बाईंनी मोठ्या हौसेने माझं तोंड उघडायची दोरी ओढली. मी हललो नाही. त्यांनी पुन्हा ओढली. मी आपला ढिम्म.

"अप्पा, मानेतली फट कुठे गेली?"

"बुजवलंय," अप्पा अभिमानाने म्हणाले. "चीर पडलेली मूर्त माझ्या कारखान्यातून भायर जावची नाय, बाई. खंडित म्हणतत तिका."

"अहो, ही मूर्ती नाही. प्राणी आहे. त्या फटीशिवाय याचं तोंड कसं उघडणार?"

"बापाशीन शिकवलेला आसा. माझ्या हातान चीर पाडूचंय नाय."

अप्पांचंही चुकलं असं कसं म्हणू? जन्मभर त्यांनी देव घडवले होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा जबडा, एवढी पाती, आणि मान आवळलेली!

मुलं जमली, पाहुणे आले. तात्यासाहेब बाईंना माझ्या शेजारीच बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, हट्ट सोडा. मान खाली घालून दोन शब्द बोला आणि मोकळ्या व्हा. घरचा विचार करा."

बाईंची नजर जमिनीकडे गेली. मला वाटलं, संपलं.

अप्पा माझ्या रंगावर शेवटचा हात फिरवायला मागेच थांबले होते. त्यांनी ते ऐकलं. मग पिशवीतून कोरायची सुरी काढून माझ्याजवळ आले, कपाळाला हात लावून पुटपुटले, "देवा, माफ कर," आणि माझ्या मानेतला शाडू खरवडू लागले. पाहुण्यांच्या बुटांवर भुगा पडला.

"हे काय चाललंय?" तात्यासाहेब ओरडले.

"ह्याची मान मोकळी होयी, सायबांनू," अप्पा म्हणाले. "ओढा बाई आता."

बाईंनी दोरी ओढली. माझं डोकं वर गेलं, जबडा खाली आला आणि मी असा आ वासला की पहिल्या रांगेतली मुलं मागे सरली.

"पाहिलंत, मुलांनो? याला तोंड उघडायचं तर मान वर करावी लागते," बाई म्हणाल्या. मग त्या तात्यासाहेबांकडे वळल्या. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मी माफी मागणार नाही."

बाईंची नोकरी गेली. त्याच हातगाडीवरून मीही निघालो. लालबागच्या चाळीत अप्पांनी आपली पुढची खोली दिली आणि बाईंनी तिथे शिकवणी सुरू केली. पहिले महिने फार ओढाताणीचे गेले. तरी बाई कधी पस्तावल्याचं मी पाहिलं नाही. साठ साली मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हा चाळीने मला गॅलरीत बसवलं आणि दिवसभर कुणी ना कुणी माझी दोरी ओढत होतं. एवढं कौतुक समुद्रातही झालं नसेल.

आता अप्पा नाहीत. बाई थकल्या आहेत. मी चाळीच्या वाचनालयात कपाटावर पडून असतो. रंग उडालाय, शेपूट उंदरांनी खाल्लीय. परवा शेजारच्या कमलाबाई मायेने शाडूचा गोळा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगो बाय, मानेक केवढी चीर पडलीय! भरून टाकूया."

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, ओलीपासून जपा. शेपूट नवी लावलीत तर उपकार होतील. पण त्या फटीला हात लावू देऊ नका. ती भरलीत तर मी छान दिसेन, आणि तोंड मात्र पुन्हा उघडणार नाही.